कोंबाची राखण

‘राखणे’ हे क्रियापद मराठीत मोठे गमतीचे आहे. आपण शेत राखतो, गुरे राखतो, अब्रू राखतो, कुणाची मर्जी राखतो, आणि उशिरा घरी येणाऱ्यासाठी ताटभर जेवणही राखून ठेवतो. शब्द एकच, पण कुठे तो वाचवण्याच्या अर्थाने येतो, कुठे सांभाळण्याच्या, तर कुठे दुसऱ्यासाठी मागे ठेवण्याच्या. ज्याला काही राखायचे आहे त्याच्यापुढे दोन प्रश्न असतात. कुणापासून राखायचे? आणि कुठवर राखायचे? पहिल्याचे उत्तर आपण चटकन देतो, कारण शत्रू दाखवणे सोपे असते. दुसऱ्यापाशी मात्र फारसे कुणी थांबत नाही. मी या दोन्ही प्रश्नांचा विचार गेली काही वर्षे करते आहे, आणि त्याला कारण झाला आहे आमच्या परसातला मका.

ग्वाल्हेरला आम्ही राहतो त्या भागाचे नावच लष्कर. १८१० च्या सुमारास दौलतराव शिंदे यांच्या फौजेचा तळ किल्ल्याच्या दक्षिणेला पडला. तळ उठायचा तो उठलाच नाही, त्याचेच शहर झाले. त्या फौजेबरोबर शिलेदार आले, कारकून आले, भटजी, गवई, आचारी, सगळेच आले. आमचे कुणी पूर्वज त्या कारकुनांतले. आता वाड्याचे तुकडे झाले आहेत, रस्त्याकडच्या बाजूला दुकाने निघाली आहेत; मागे मात्र वीस फूट लांब आणि बारा फूट रुंद एवढी माती अजून उघडी आहे. शाळेच्या नोकरीतून मोकळी झाल्यापासून दर पावसाळ्यात मी तिथे मका लावते. पावसाळ्यात इथे कोपऱ्याकोपऱ्यावर निखाऱ्यांवर भुट्टे भाजत असतात, त्यामुळे माझ्या या उद्योगाला घरात कुणी फारसे मनावर घेत नाही. पण विकतचे कणीस खाणे वेगळे आणि कोंब फुटल्यापासून त्याच्या मागे असणे वेगळे.

मका मुळात इथला नव्हे. सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वी मेक्सिकोतल्या माणसांनी एका रानगवतापासून तो घडवला, आणि १४९२ नंतर तो समुद्र ओलांडून जगभर गेला. इकडे आला आणि असा रुळला की मक्याचा कीस हा पदार्थ परक्या देशातल्या धान्याचा आहे हे सांगूनही कुणाला खरे वाटत नाही. पण या वनस्पतीची एक गोष्ट मला फार विचार करायला लावते. मका माणसावाचून जगू शकत नाही. रानगवताचे दाणे पिकले की झडतात आणि आपले आपण पसरतात. मक्याचे दाणे कणसाला घट्ट धरून, पाल्याच्या थरांत बंद. कणीस तसेच जमिनीवर पडले तर त्यातून एकाच जागी कोंबांची झुंबड उठते आणि कोंबच एकमेकांना जगू देत नाहीत. कुणीतरी पाला सोलावा, दाणा सोडवावा, अंतर राखून पेरावा, तरच पुढची पिढी. आपल्या गरजेसाठी हजारो वर्षे निवड करत माणसानेच त्याला असे परावलंबी केले. ज्याला आपण परावलंबी केले त्याची राखण करणे हा उपकार राहत नाही. ते देणे असते. म्हणून रानातल्या झाडाला जो नियम लागू पडतो, ‘जगायचे तर जगेल’, तो मला मक्यापुढे म्हणता येत नाही.

पहिले एक-दोन चांगले पाऊस झाले की मी दाणे लावते. बोटाची दोन पेरे खोल, दोन ओळींत दोन फूट, दोन रोपांत एक वीत. एका जागी दोन दाणे, पुढे त्यांतले जोमदार रोप ठेवायचे. पाचव्या-सातव्या दिवशी मातीतून हिरवी सुरळी वर येते आणि त्याच सकाळी पाहुणेही येतात. खारी माती उकरून कोंबाखालचा दाणा काढतात. साळुंक्या कोंब धरून उपटतात. मागच्या पडक्या बागेतला मोर भिंतीवरून उतरतो आणि एका फेरीत अर्धी ओळ साफ करतो. राष्ट्रीय पक्षी, त्याला शुक् म्हणण्यापलीकडे काय करणार! म्हणून मी बोरीच्या काटेरी फांद्या कडेने रोवते आणि त्यांवर जुनी मच्छरदाणी पसरते.

शेजारच्या बाई भिंडकडच्या खेड्यातल्या. वयाने माझ्याहून थोड्या लहान, म्हणून मला ‘जिज्जी’ म्हणतात. मच्छरदाणी पाहून एकदा त्या भिंतीपलीकडून म्हणाल्या, “जिज्जी, चिड़िया भी तो आस लेकर आती है.” पाखरूही काही आशेनेच येते. बोलणे सहज होते, पण मला ते लागून राहिले. माती कुणाची? पाऊस कुणाचा? दाणा तरी मी निर्माण केला आहे काय? मग ही जाळी कुठल्या हक्काने?

अशा वेळी मराठी माणसाला तुकोबांची आख्यायिका आठवणारच. महिपतींनी ती सांगितली आहे. एका शेतकऱ्याने तुकोबांना शेत राखायला बसवले. पाखरे आली. भुकेल्या जिवांना हाकलायचे कसे, म्हणून तुकोबांनी त्यांना खाऊ दिले. धनी परत आला, पाहतो तो पाखरे शेतात. त्याने पंचांपुढे गाऱ्हाणे नेले, भरपाईही ठरली. आणि मळणी झाली तेव्हा धान्य नेहमीपेक्षा जास्तच निघाले. लहानपणी ही कथा ऐकताना मला त्या शेतकऱ्याचा राग येई. आता या वयात त्याच्याही बाजूने थोडे बोलावेसे वाटते. धान्य त्याचे होते, वर्षाची भाकरी त्यावर होती, आणि दान करणारा हात दुसऱ्याचा होता. कथेत देवाने हिशेब पुरा केला. आपल्या व्यवहारात तो तसा पुरा होईलच असे नाही. दुसऱ्याच्या ताटातले वाढण्याआधी निदान त्याला विचारावे, एवढे तर म्हणता येईल.

पण त्या कथेतली एक गोष्ट आपण सहसा लक्षात घेत नाही. तुकोबांनी पाखरे बसू दिली ती भरल्या कणसांवर, कोंबांवर नव्हे. हा फरक मला फार मोठा वाटतो. मक्याच्या भरलेल्या कणसात चारशे-पाचशे दाणे असतात. त्यांतले पन्नास राघूने खाल्ले तर साडेचारशे उरतात. वाटणी झाली, दोघेही जेवले. कोंबाची वाटणी होत नाही. साळुंकीने कोंब उपटला की तिच्या चोचीत येतो एक मऊ दाणा, आणि जाते ते सबंध झाड. खाणाऱ्याला मिळते थोडे आणि हरवते सगळे. म्हणून मी माझ्यापुरता नियम केला आहे. दान कणसाचे करावे, कोंबाचे करू नये. पहिले तीन आठवडे मी कंजूष असते. पुढे कणसे भरली की भिंतीकडची ओळ मी पाखरांना सोडते, आणि शेजारच्या बाईंनाही तसे सांगून ठेवले आहे.

राखणीत दुसरा पेच हिंसेचा. पक्ष्यांना जाळी पुरते, अळीला पुरत नाही. २०१८ साली कर्नाटकात प्रथम दिसलेली अमेरिकन लष्करी अळी दोन-तीन वर्षांत देशभर पसरली. लष्करात राहणारी मी, लष्करी अळीला नावे ठेवायचा अधिकार मला किती, असा विनोद घरात होतो. ही अळी मक्याच्या पोंग्यात, म्हणजे मधल्या कोवळ्या पानांच्या सुरळीत शिरून बसते. सकाळी उजेड पुरेसा झाला की मी एकेक पोंगा उघडून पाहते. अळी सापडली की काढून चिरडते. कधी निंबोळीचा अर्क, कधी पोंग्यात चिमूटभर कोरडी माती. माझ्या एका जैन मैत्रिणीला हे पाहवत नाही. ती म्हणते, औषध फवार, निदान हाताने तरी मारू नकोस. मी तिला म्हणते, फवारल्याने हात स्वच्छ राहतो, पण पाप त्याने कमी कसे होईल? फवाऱ्याने अळी मरते, तिच्याबरोबर अळी खाणारे भुंगेरे मरतात, कोळी मरतात, आणि मला त्यांतले काहीच दिसत नाही. हाताने मारताना मी मोजून मारते आणि मारते आहे हे मला ठाऊक असते. राखणीत हिंसा टळत नाही. पण जी करावी लागते ती डोळे उघडे ठेवून करावी आणि गरजेपलीकडे नेऊ नये, एवढे माणसाच्या हातात आहे.

तिसरी गोष्ट मला मातीने शिकवली. मक्याच्या लहान रोपाचा खरा प्राण वरच्या पानांत नसतो. पाच-सहा पाने फुटेपर्यंत, म्हणजे साधारण पहिले तीन-चार आठवडे, त्याचा वाढीचा डोळा जमिनीच्या आत असतो. त्यामुळे शेळीने वरची पाने ओरबाडली तरी रोप बहुधा पुन्हा फुटते. पण तेच रोप दोन-तीन दिवस साचलेल्या पाण्यात उभे राहिले तर वर काही न दिसता खाली संपते. मातीतली अळी बुडाशी कुरतडते, खोडकिडा आत शिरतो, आणि मग मधला पोंगा वाळून हातात येतो. त्याला शेतकरी ‘पोंगेमर’ म्हणतात. बाहेरची पाने तेव्हाही हिरवीगार असतात! पान फाटले की आपण धावतो आणि मुळाशी पाणी तुंबलेले असते तिकडे नजर जात नाही. पुष्कळदा तर ते पाणी प्रेमानेच जास्त घातलेले असते. राखणाऱ्याने आधी हे शोधायला हवे की ज्याला आपण राखतो आहोत त्याचा जीव नेमका कुठे आहे.

आणि आता ‘कुठवर’. तीन आठवडे झाले, रोप गुडघ्याला आले, की मी मच्छरदाणी काढते आणि बुडाशी मातीची भर देते. त्यानंतर वारा त्याला हलवतो. पावसाची सर वाकवते. वाऱ्याने हलत राहणाऱ्या रोपाचे खोड आखूड आणि जाड होते, हे वनस्पतिशास्त्रात आता सर्वमान्य आहे. आडोशाला वाढलेले उंच आणि नाजूक. पुढे खालच्या पेऱ्यांतून आधारमुळे फुटतात आणि तंबूच्या दोरांसारखी जमिनीत रुततात.

वारा मक्याला लागतो तो केवळ बळकटीसाठी नव्हे. पन्नास-पंचावन्न दिवसांनी वर तुरा येतो, खाली कणसातून रेशमी केस बाहेर पडतात. जितके केस तितके दाणे. एकेका केसावर पराग पडेल तेव्हा एकेक दाणा भरतो. पराग आणतो वारा, आणि बहुतेक शेजारच्या झाडाचा आणतो. म्हणून मका एका लांब ओळीत लावत नाहीत, चार आखूड ओळी जवळजवळ लावतात. एकट्या झाडाची कितीही राखण करा, त्याचे कणीस पडलेल्या दातांसारखे निघते. सबंध जाळीत ठेवून, वारा अडवून, कुणाची चोच लागू न देता वाढवलेला मका सुरक्षित राहील, पण भरणार नाही.

मागच्या एका पावसाळ्यात शेजारच्या बाईंनी भिंतीपलीकडे पिवळा मका लावला. माझा पांढरा, देशी. दोघींचे तुरे एकाच आठवड्यात आले. कणसे सोलली तर माझ्या पांढऱ्या दाण्यांत मधूनमधून पिवळे दाणे! मका असाच आहे. पांढऱ्यावर पिवळ्याचा पराग पडला तर त्याच हंगामात, त्याच कणसात रंग दिसतो. बाई खूष होऊन म्हणाल्या, “जिज्जी, ये तो हमारे वाले दाने हैं!” कणीस बिघडले काय? झाड माझे, पाला माझा, माती माझी, आणि दाणे दोघींचे. चवीला तर उत्तमच होते. मात्र त्यातले दाणे मी पुढच्या वर्षीच्या पांढऱ्या बियाण्यासाठी ठेवू शकले नाही, हेही खरे. ज्याला शुद्ध बी राखायचे आहे त्याला दुसऱ्या मक्यापासून काही शे मीटर दूर शेत करावे लागते. खाण्याचा मका आणि बियाण्याचा मका यांचे धर्म वेगळे आहेत.

इथवर वाचून सीमाभागातल्या वाचकांच्या मनात काय आले असेल ते मला कळते. बेळगावात काय, बिदरला काय, बऱ्हाणपूर-पांढुर्ण्यात काय, आपल्या घरांतून हीच गोष्ट दुसऱ्या रूपाने चालू असते. आमच्या घरातही आहे. माझा नातू सहा वर्षांचा. सून आग्र्याची, माहेर हिंदी; गुणी मुलगी आहे. मुलाच्या शाळेत पालकांच्या बैठकीत सांगितले गेले की घरात एकच भाषा बोला, मूल गोंधळते. त्या रात्री मी म्हटले, या घरात मी त्याच्याशी मराठीच बोलणार. सून शांतपणे म्हणाली, “आई, हिंदी को आप इल्ली समझती हैं क्या?” इल्ली म्हणजे अळी. माझी रोजची सकाळ तिने पाहिलेली आहे, त्यामुळे शब्द बरोबर जागी लागला.

मी दोन-तीन दिवस त्यावर विचार केला आणि तिला उत्तर दिले. नाही, हिंदी अळी नव्हे. या शहरात हिंदी वाऱ्यासारखी आहे. तिच्यावाचून इथे कुणाचे कणीस भरणार नाही. पण कोंबाला तीन आठवडे लागतात, तसे मुलाच्या भाषेला लहानपण लागते. त्या वयात गेले ते पुढे वाटून मिळत नाही. थोरपणी त्याने वाटेल त्या भाषेत लिहावे, बोलावे, लग्नही करावे. ती कणसाची वाटणी, मी आनंदाने पाहीन.

अळी कोणती, तेही मी पाहिले आहे. महाराज बाड्यावर भाजी घेताना मी नातवाला काही मराठीत सांगत होते. त्याने माझा पदर ओढला आणि म्हणाला, “आजी, धीरे बोलो, सब सुन रहे हैं.” पोंग्यात शिरलेली अळी म्हणजे ही लाज. ती त्याला कुठून आली? हिंदी बोलणाऱ्या कुणी त्याला कधी हसलेले मला आठवत नाही. हसणारे आमचेच. सुट्टीत पुण्याहून आलेली भावंडे त्याच्या ‘मी जेवून राहिलो’ला पोट धरधरून हसली होती, आणि वडीलधाऱ्यांपैकी कुणी त्यांना थांबवले नाही. पान कुठे फाटले नाही. पोंगा मात्र तेव्हाच कुरतडला गेला. शुद्ध मराठीच्या नावाखाली कोवळ्या मराठीला हसणारे लोक भाषेची राखण करतात असे मला वाटत नाही.

याच मुलखातले एक उदाहरण सांगते. गजानन माधव मुक्तिबोध १९१७ साली श्योपूरला जन्मले, तेव्हाच्या ग्वाल्हेर संस्थानात. घर मराठी. ते हिंदीतले थोर कवी झाले. त्यांचे धाकटे बंधू शरच्चंद्र मराठीत कवी, कादंबरीकार आणि समीक्षक झाले, आणि १९७९ साली त्यांना मराठीसाठी साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. एकाच घरातले दोन दाणे, दोन रंगांचे. त्यांतला एक वाया गेला असे कोण म्हणेल? त्याचबरोबर याच ग्वाल्हेरचे राजकवी भा. रा. तांबे १९४१ साली जाईपर्यंत आयुष्यभर मध्य भारतात राहून मराठीतच लिहीत होते, हेही विसरता येत नाही. ते बियाण्याचे शेत. प्रत्येक घराने काही शे मीटर दूर जाऊन शुद्ध बी राखावे असा आग्रह मी धरणार नाही. सून घरात येणार, शेजार असणार, वारा वाहणार. पण गावात कुणीतरी बियाण्याचे शेत राखले पाहिजे. एखादे ग्रंथालय, एखादे भजनी मंडळ, गणपतीतले मराठी नाटक, तुमच्या हातातला हा दिवाळी अंक. त्यांनाही धनी हवा, आणि राखणदारही. बाकीच्यांनी निश्चिंत मनाने दोन रंगांची कणसे खावीत.

यंदा सून नातवाशी हिंदीत बोलते, मी मराठीत, आणि त्याचा बाप दोन्हींत. कुणी कुणाला हसायचे नाही, एवढा एक नियम मी घातला आहे आणि तो पाहुण्यांनाही लागू आहे. पिवळे-पांढरे कणीस सोलताना नातू दाण्यांच्या ओळी मोजत होता. वीसपर्यंत तो मराठीत मोजतो, पुढे हिंदीत जातो. मक्याच्या कणसाच्या ओळी जवळजवळ नेहमी सम असतात. त्या चौदा भरल्या, म्हणजे सगळे मोजणे मराठीतच झाले. पुढच्या कणसाचे काय होईल ते मी सांगू शकत नाही. आणि कणसापर्यंत पोहोचल्यावर ते ठरवणे माझ्याकडे राहतही नाही. माझे काम कोंबापुरते होते.